संदर्भ इलेक्ट्रोडचा प्रश्न : अमोनियम संवेदक पट्टीच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

प्रकल्पाचा हेतू आज लेखी ठरला. बाणेर येथील एका गृहनिर्माण संस्थेच्या एसटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, पाण्यातील अमोनियम (अमोनियाचे पाण्यातील आयनरूप) सतत मोजणारी, साधारण १० मिमी रुंद आणि ३० मिमी लांब अशी संवेदक पट्टी तयार करायची आणि तिच्या वाचनावरून ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे यंत्र, किती वेळ चालवायचा हे ठरवायचे. येथील टाकी एसबीआर पद्धतीची आहे. एकाच टाकीत सांडपाणी भरणे, त्यात हवा सोडणे, गाळ बसू देणे आणि वरचे निवळ पाणी काढून घेणे ही चारही कामे पाळीपाळीने होतात. हवा सोडण्याची वेळ सध्या टायमरवर बांधलेली आहे. पाणी घट्ट असो वा पातळ, टायमर त्याला विचारत नाही.

हवेचे गणित प्रकल्पाच्या मुळाशी आहे, म्हणून ते येथेच नोंदवतो. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेटमध्ये रूपांतर होण्यासाठी ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि त्याच वेळी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ७.१४ ग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) खर्ची पडते. अशा केंद्रांच्या वीजबिलातील सर्वांत मोठा वाटा ब्लोअरचाच असतो. हवा कमी पडली तर अमोनिया शिल्लक राहतो आणि पुढे क्लोरीनच्या टाकीत वेगळाच खर्च सुरू होतो, कारण अमोनियातील १ भाग नायट्रोजन वजनाने सुमारे ७.६ भाग क्लोरीन गिळून टाकतो आणि तोवर मुक्त क्लोरीन पाण्यात टिकतच नाही. हे पाणी संस्थेतील फ्लशला आणि बागेला जाते, उरलेले राम नदीत, तेथून मुळेत, आणि मुळा-मुठेच्या वाटेने भीमेला मिळून उजनीत. उजनीच्या पाण्यावर दिसणाऱ्या हिरव्या सायीत प्रत्येक वस्तीच्या नायट्रोजनचा वाटा आहे, याची जाणीव काम करताना असावी असे मला वाटते.

लहान पट्टीच का, हा प्रश्न संस्थेच्या खजिनदारांनी बैठकीत विचारला आणि तो रास्त होता. बाजारात मिळणारे मोठे प्रोब चांगले आहेत, पण त्यांची किंमत आणि देखभाल मोठ्या नगरपालिका केंद्रांना परवडणारी आहे. लहान पट्टीचा खरा फायदा स्वस्ताईपेक्षा कॅलिब्रेशनमध्ये आहे. ज्या पोकळीत पट्टी बसते ती काही थेंबांची असेल, तर प्रमाणित द्रावणाची एक बाटली अनेक महिने पुरते आणि यंत्र दररोज स्वतःला तपासू शकते. मोठ्या प्रोबला तेवढ्याच तपासणीसाठी दर वेळी पेलाभर द्रावण लागते आणि माणूसही लागतो.

२ जुलै २०२४

पट्टीची रचना निश्चित केली. पाया अल्युमिनाच्या पातळ चकतीचा. तिच्यावर चांदीच्या पेस्टचे मार्ग स्क्रीन-प्रिंटिंगने छापून ते ८५० अंश सेल्सिअसला भाजायचे आणि त्यावर कार्बनच्या पेस्टचा गोल ठिपका छापायचा. पेस्ट छापून भाजण्याच्या, म्हणजे थिक-फिल्मच्या, या विद्येला पुण्यात जुना आधार आहे. पाषाण येथील सी-मेट ही संस्था इलेक्ट्रॉनिक साहित्याच्या क्षेत्रात काम करते आणि या पेस्टची जाण असलेली माणसे शहरात सापडतात. छपाईची जाळी शहरातील एका कारागिराकडून ताणून घेतली आहे आणि तिचा ताण उत्तम आहे.

कार्बनच्या ठिपक्यावर पीव्हीसीचे पटल येईल. पटलात साधारण एक तृतीयांश पीव्हीसी, दोन तृतीयांश प्लास्टिसायझर (पटल मऊ ठेवणारे द्रव्य) आणि एक टक्क्याच्या आसपास नॉनॅक्टिन असते. नॉनॅक्टिन हे स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या सूक्ष्मजीवांपासून मिळणारे वलयाकार संयुग आहे आणि त्याच्या पोकळीत अमोनियम आयन नेमका बसतो. पोटॅशियमचा आयन आकाराने अमोनियमच्या अगदी जवळचा असल्यामुळे तोही काही प्रमाणात आत शिरतो. नॉनॅक्टिनची पोटॅशियमबाबतची निवडकता सुमारे दहास एक, म्हणजे पोटॅशियमचे दहा आयन अमोनियमच्या एका आयनाइतका परिणाम करतात. सोडियमचा अडथळा याच्या कित्येक पटींनी कमी असतो.

जुन्या आयन-निवडक इलेक्ट्रोडमध्ये पटलाच्या आत द्रावण भरलेले असे. ते काढून पटल थेट तारेवर चढवण्याचा प्रयोग कॅट्रॉल आणि फ्रायझर यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून घन संपर्काचे इलेक्ट्रोड लहान होत गेले. पटल आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा अतिसूक्ष्म थर साचतो आणि वाचन सरकवतो, हा त्यांचा जुना दोष. पाणी न धरणारा कार्बन मध्ये ठेवला की तो बराच आटोक्यात येतो, म्हणून आमची निवड कार्बनची.

९ जुलै २०२४

आजचा दिवस कागदावरच गेला, पण तो सत्कारणी लागला. आकार लहान करताना काय काय बदलते याचा हिशेब मांडला, आणि तो प्रत्येक नव्या सहकाऱ्याने वाचावा म्हणून सविस्तर लिहितो.

मोठ्या प्रोबमधील पटलाचा व्यास ५ मिमी धरला आणि आपला ०.५ मिमी, तर क्षेत्रफळ शंभर पटींनी घटते. जाडी तीच ठेवली तर पटलाचा विद्युतरोध शंभर पटींनी वाढतो आणि खालच्या कार्बनची विद्युतधारिता शंभर पटींनी कमी होते. अशा इलेक्ट्रोडमधून वाचन यंत्राने अगदी थोडा प्रवाह जरी खेचला, तरी विभव (इलेक्ट्रोडचा व्होल्टेज, ज्यावरून आयनाची तीव्रता कळते) सरकत राहतो, आणि सरकण्याचा वेग म्हणजे प्रवाह भागिले धारिता. धारिता १० मायक्रोफॅरड आणि प्रवाह १ पिकोअँपिअर घेतला तर हा वेग सेकंदाला ०.१ मायक्रोव्होल्ट येतो. आकडा क्षुल्लक दिसतो, पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत तो ८.६४ मिलिव्होल्ट होतो.

मिलिव्होल्टची किंमत किती हे नेर्न्स्टच्या समीकरणातून कळते. २५ अंशांना एकभारी आयनाची तीव्रता दहापट झाली की विभव ५९.१६ मिलिव्होल्टने बदलतो. म्हणजे १ मिलिव्होल्टची चूक ही तीव्रतेतील सुमारे ४ टक्क्यांची चूक असते, ५ मिलिव्होल्टची सुमारे २१ टक्क्यांची आणि १० मिलिव्होल्टची ४८ टक्क्यांच्या आसपासची. दिवसाला साडेआठ मिलिव्होल्ट सरकणारे यंत्र दुसऱ्या दिवशीच निरुपयोगी ठरते. यावर उपाय असा की ज्यांचा इनपुट प्रवाह काही फेम्टोअँपिअर, म्हणजे पिकोअँपिअरच्या हजाराव्या भागाच्या पातळीवर असतो, असेच ऑप-अँप (विभव वाचणारे सूक्ष्म सर्किट) वापरायचे. ३ फेम्टोअँपिअरला वरील सरकणे दिवसाला ०.०२६ मिलिव्होल्टवर येते आणि तो प्रश्न व्यवहारात संपतो.

संवेदन करणाऱ्या इलेक्ट्रोडच्या बाजूने लहान होण्यात अडचणी आहेत, पण त्या प्रत्येकीला असे ठाम उत्तर सापडते. संदर्भ इलेक्ट्रोडच्या, म्हणजे ज्याच्या स्थिर विभवाशी तुलना करून वाचन घेतात त्या दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या, बाजूने अद्याप मी गणित मांडलेले नाही आणि मला काळजी त्याचीच आहे. पीट बर्गव्हेल्ड यांनी १९७० मध्ये आयनांना प्रतिसाद देणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे इस्फेट, मांडला आणि संवेदन सिलिकॉनच्या कणावर आले. तरीही इस्फेटच्या पीएच मीटरमध्ये आजही शेजारी एक संदर्भ इलेक्ट्रोड लागतोच, आणि बहुतेक वेळा यंत्राचा आकार तोच ठरवतो.

२६ जुलै २०२४

काल शहरात अतिवृष्टी झाली, खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुटला आणि सिंहगड रस्त्याकडील वस्त्यांत पाणी शिरले. आमचे एक सहकारी तिकडेच राहतात, त्यामुळे आज निम्मेच लोक कामावर होते.

दमट हवेचा परिणाम सर्किटवर स्पष्ट दिसला. पृष्ठभागावर ओल धरली की ताम्रमार्गांमधून सूक्ष्म प्रवाह गळतो आणि फेम्टोअँपिअरचा ऑप-अँप घेण्याचा उद्देशच विफल होतो. इनपुटभोवती त्याच विभवावर ठेवलेले गार्ड-कडे घातले, सोल्डर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढला आणि वर संरक्षक लेप दिला. वाचन स्थिरावले.

१६ ऑगस्ट २०२४

पट्टी पहिल्यांदा प्रत्यक्ष टाकीत उतरवली त्याला आता काही दिवस झाले. दररोज नमुना काढून प्रयोगशाळेत फिनेट पद्धतीने, म्हणजे निळ्या इंडोफिनॉलचा रंग मोजून, अमोनिया तपासतो आणि पट्टीच्या वाचनाशी ताडून पाहतो. पहिल्या काही तासांत दोन्ही आकडे चांगले जुळले. मग पट्टीचा आकडा हळूहळू खाली सरकू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या निम्म्यावर आला.

पट्टी काढून प्रयोगशाळेतील मोठ्या संदर्भ इलेक्ट्रोडबरोबर जोडली, तेव्हा अमोनियम पटलाचा उतार दशकाला, म्हणजे तीव्रतेच्या दर दहापटीला, ५७ मिलिव्होल्ट, पूर्वीइतकाच निघाला. दोष पटलात नाही. उरतो तो पट्टीवरचा संदर्भ इलेक्ट्रोड.

आता त्याचे गणित. संदर्भ म्हणून आपण चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर देतो आणि तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या जेलमध्ये बुडवून ठेवतो. त्याचा विभव क्लोराइडच्या तीव्रतेवर ठरतो, म्हणून क्लोराइड न बदलणे हीच त्याची सारी अट. मोठ्या इलेक्ट्रोडमध्ये हे द्रावण साधारण ५ मिलिलिटर असते. आपली पोकळी २ मिमी गुणिले २ मिमी गुणिले १ मिमी, म्हणजे ४ मायक्रोलिटर. साठा १,२५० पटींनी कमी. सगळे मीठ मिळून १ मिलिग्रॅमही भरत नाही.

या पोकळीला बाहेरच्या पाण्याशी जोडणारे छिद्र ०.२ मिमी व्यासाचे आणि १ मिमी लांबीचे आहे. पाण्यातील पोटॅशियम क्लोराइडचा विसरणांक (मीठ पाण्यात किती वेगाने पसरते याचे माप) सेकंदाला सुमारे १.९ गुणिले १० चा उणे ९ वा घात चौरस मीटर घेतला, तर पोकळी रिकामी होण्याचा कालांक (ज्या वेळात साधारण ६३ टक्के मीठ निघून जाते) सुमारे ६७,००० सेकंद, म्हणजे जेमतेम १९ तास येतो. जेलमध्ये तो थोडा लांबतो, पण फार नाही. निम्मे मीठ तर तेरा तासांतच निघून जाते. क्लोराइड निम्मा झाला की संदर्भाचा विभव १७.८ मिलिव्होल्टने वर जातो, पटल आणि संदर्भ यांच्या विभवांतील फरक तेवढाच खाली येतो आणि अमोनियमचे वाचन निम्मे होते. पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम असेल तर पट्टी १० दाखवणार. कागदावरचे गणित आणि टाकीतले वर्तन इतके जुळावे, हे पाहून समाधान वाटले.

या दोषाची दिशा धोक्याची आहे, हे ठळकपणे लिहून ठेवतो. वाचन खोटे कमी येते. ब्लोअर या आकड्यावर सोपवला असता, तर अमोनिया संपला असे समजून त्याने हवा लवकर बंद केली असती आणि न शुद्ध झालेले पाणी पुढे गेले असते. यंत्र बिघडायचेच असेल तर ते हवा जास्त देण्याच्या बाजूने बिघडले पाहिजे; यापुढे प्रत्येक बदल या कसोटीवर तपासायचा.

आणखी एक बारकावा. तीव्र क्लोराइडमध्ये चांदीची विरघळणारी जटिल संयुगे बनतात आणि सिल्व्हर क्लोराइडचा थर झिजतो. मोठ्या इलेक्ट्रोडमध्ये थर जाड असतो, म्हणून ते जाणवत नाही. आपला थर काही मायक्रॉनचा आहे. यापुढे जेल भरण्यापूर्वी ते सिल्व्हर क्लोराइडने संपृक्त करून घ्यायचे.

३० ऑगस्ट २०२४

केंद्रावरील ऑपरेटरांनी आज जे सांगितले त्याने पुढचा मार्ग मोकळा केला. ते म्हणाले, “साहेब, ब्लोअर बंद झाला की तुमचा आकडा चढतो, चालू झाला की लगेच उतरतो. पाणी तर तेच आहे.” ते रोज टाकीपाशी उभे असतात आणि त्यांचे निरीक्षण शंभर टक्के खरे निघाले. गाळ बसण्याच्या वेळेत, जेव्हा पाणी स्थिर असते, तेव्हा वाचन लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमने चढते, आणि हवा सुरू होताच काही मिनिटांत खाली येते. अमोनिया इतक्या झपाट्याने कमी-जास्त होऊच शकत नाही.

कारण पुन्हा संदर्भातच आहे, पण वेगळ्या वाटेने. पोकळीतून बाहेर पडणारे मीठ पोटॅशियमचे आहे आणि नॉनॅक्टिन पोटॅशियमला अमोनियमच्या दहाव्या भागाइतके मोजते. पटलापाशी लिटरला ३९ मिलिग्रॅम पोटॅशियम साचले, तर ते लिटरला १.४ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनसारखे दिसते. मोठ्या प्रोबमध्ये दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांपासून दूर असतात आणि गळती विरून जाते. आपल्या पट्टीवर ते ३ मिमी अंतरावर आहेत. पाणी हलते तेव्हा गळती वाहून जाते, थांबते तेव्हा ती पटलावर पसरते.

खात्रीसाठी जेलमध्ये खाण्याचा रंग मिसळून पट्टी स्थिर पाण्याच्या काचपात्रात उभी धरली. रंगीत धार छिद्रातून निघून सरळ खाली उतरताना स्पष्ट दिसली, कारण ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड पाण्यापेक्षा जड असते. आणि आमच्या मांडणीत संदर्भ वर व पटल खाली होते. पट्टी उलटी केली तेव्हा चढ कमी झाला, संपला नाही. नळ्या आणि कोपरे असलेल्या टाकीत पाणी कोणत्या बाजूने फिरेल याचा भरवसा नसल्यामुळे केवळ दिशेवर विसंबता येणार नाही.

सांडपाण्यात स्वतःचे पोटॅशियम असते ते निराळे. ते प्रक्रियेत फारसे बदलत नाही, म्हणून त्याचा परिणाम जवळजवळ स्थिर राहतो आणि वजा करता येतो. गळतीचा परिणाम मात्र पाण्याच्या हालचालीबरोबर बदलतो आणि तो कोणत्याही सूत्राने वजा होणार नाही. तो मुळातूनच काढला पाहिजे.

१९ सप्टेंबर २०२४

विसर्जनाच्या गर्दीतून कामगार परतले आणि भोसरीच्या कार्यशाळेतून नवे ॲक्रिलिकचे ठोकळे हाती आले. नव्या संदर्भाची रचना अशी.

आता पोकळ्या दोन आहेत. आतल्या पोकळीत सिल्व्हर क्लोराइडभोवती पूर्वीप्रमाणेच क्लोराइडचे जेल, आणि बाहेरच्या पोकळीत १ मोलर लिथियम ॲसिटेट. पाण्याला स्पर्श होतो तो फक्त लिथियम ॲसिटेटचा. हे मीठ का, याचे कारण आयनांच्या वेगात आहे. हे मीठ आणि बाहेरचे पाणी जेथे भेटतात त्या सीमेवर धन आणि ऋण आयन वेगवेगळ्या वेगाने बाहेर पडले तर तेथे स्वतंत्र विभव निर्माण होतो. पोटॅशियम आणि क्लोराइड यांच्या चलता (आयनाच्या वेगाचे माप) ७३.५ आणि ७६.३ अशा जवळ असल्यामुळेच सगळे जग पोटॅशियम क्लोराइड वापरते. साधे मीठ घेतले तर सोडियमचे ५०.१ क्लोराइडच्या ७६.३ पुढे मागे पडते. लिथियमचे ३८.७ आणि ॲसिटेटचे ४०.९; दोघेही संथ, पण बरोबरीचे. शिवाय नॉनॅक्टिनला लिथियमचे काही वाटत नाही. पोटॅशियम आणि अमोनियमच्या इलेक्ट्रोडांसाठी हे मीठ प्रयोगशाळांत पूर्वीपासून वापरात आहे; लहान पट्टीवर त्याची गरज अनेक पटींनी वाढते, एवढेच.

छिद्राची जागा नागमोडी वाहिनीने घेतली आहे. छेद तेवढाच, पण लांबी १ मिमीऐवजी ४० मिमी. कालांक लांबीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १९ तासांचे ३१ दिवस होतात, आणि लिथियम ॲसिटेटचे विसरण पोटॅशियम क्लोराइडपेक्षा मंद असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्त. किंमत मोजावी लागते ती रोधाची. एवढ्या लांब, अरुंद वाहिनीचा रोध काही लाख ओहम होतो आणि ब्लोअरच्या ड्राइव्हचा विद्युत गोंगाट वाचनात शिरतो. तारेला कवच देऊन आणि वाचनाची सरासरी घेऊन तो आवरता आला. अमोनियम मिनिटांच्या गतीने बदलते, सरासरीने त्यातले काही हरवत नाही.

पर्याय म्हणून पॉलिव्हिनिल ब्युटिरलमध्ये मीठ घोळून केलेला घन थरही करून पाहिला. घाम मोजणाऱ्या, अंगावर बांधायच्या पट्ट्यांत तो वापरतात आणि छपाईला तो फार सोयीचा आहे. काही तासांच्या मोजणीसाठी तो उत्तम आहे; सांडपाण्यात आठवडे काढण्यासाठी मात्र मी त्याच्यावर विसंबणार नाही.

१० ऑक्टोबर २०२४

स्थिर आणि ढवळलेल्या पाण्यातील फरक आता मोजमापाच्या गोंधळात विरून गेला आहे. ऑपरेटरांना आकडा दाखवला, त्यांनी ब्लोअर स्वतः बंद-चालू करून खात्री केली.

पटलावर जिवाणूंची साय धरते. त्या सायीत अमोनिया खाणारे जिवाणूही असतात, ते पटलाच्या तोंडाशीच अमोनियम संपवतात आणि वाचन खोटे कमी येते, म्हणजे पुन्हा तीच धोक्याची दिशा. ब्लोअरच्या नळीतून एक बारीक फाटा काढून दर चक्राच्या शेवटी पटलावर हवेचा झोत सोडला जातो. साय जमण्यापूर्वीच झडते.

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळीत निम्मी संस्था गावी गेली होती आणि टाकीत येणारे पाणी घटले. गेल्या आठवड्यातील नोंदी पट्टीची उपयुक्तता जितकी स्पष्ट दाखवतात तितकी आतापर्यंत कशानेही दाखवली नव्हती. हवा सुरू झाल्यावर अमोनियमची रेषा सरळ उतरत जाते आणि तळाला टेकून आडवी होते. एरवी ती हवेच्या वेळेच्या शेवटाकडे टेकते. दिवाळीत ती निम्म्या वेळेच्या आतच टेकली होती आणि टायमरवरचा ब्लोअर पुढे तसाच चालू होता. त्या उरलेल्या वेळातली वीज पाण्याच्या शुद्धतेत काहीही भर घालत नव्हती.

पट्टीवर पीएच मोजणारा ठिपकाही आहे, त्याने दुसरी साक्ष दिली. नायट्रीकरण (अमोनियाचे नायट्रेट होणे) चालू असताना क्षारता खर्च होऊन पीएच उतरतो आणि अमोनिया संपला की तो वळून चढू लागतो; एसबीआरवर काम करणारे यालाच अमोनियाची दरी म्हणतात. अमोनियमची रेषा जेथे आडवी झाली, तेथेच पीएचची रेषा वळली.

२९ नोव्हेंबर २०२४

नियंत्रणाचा नियम ठरवला. ब्लोअर बंद करण्यासाठी अमोनियमच्या निव्वळ आकड्यावर अवलंबून राहायचे नाही. रेषेचा उतार ठरावीक मर्यादेखाली गेला, पीएच वळला, आणि दिवसातील शेवटचे कॅलिब्रेशन मर्यादेत आहे, या तीन गोष्टी एकत्र जमल्या तरच हवा थांबेल. एकही जमली नाही तर जुना टायमर जसा होता तसा चालेल. यात एक गुण असा की संदर्भ हळूहळू सरकला तरी उतार आणि वळण त्याने बदलत नाही, कारण सरकणे दिवसांच्या गतीचे आहे आणि चक्र तासांच्या. लहान संदर्भाचा जो दोष पूर्ण काढता येत नाही, तो निर्णयाच्या रीतीने निष्प्रभ करता येतो. माझ्या मते या प्रकल्पात शिकण्यासारखे सर्वांत जास्त येथेच होते.

१९ डिसेंबर २०२४

थंडी पडली आहे आणि टाकीचे पाणीही गार झाले आहे. नेर्न्स्टचा उतार ३० अंशांना ६०.१५ असतो, तो २० अंशांना ५८.१७ मिलिव्होल्ट होतो. पट्टीवरील थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक) ती दुरुस्ती करतो. जिवाणूंचा वेग घटल्यामुळे अमोनियमची रेषा आता उशिरा टेकते आणि नियमाने ब्लोअरला अधिक वेळ दिला. वीज वाचवणाऱ्या यंत्राने गरजेला जास्त वीज वापरली, याचे खजिनदारांना नवल वाटले, पण रेषा समोर ठेवल्यावर त्यांना ते पटले.

४ फेब्रुवारी २०२५

जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी आणि धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि पिण्याच्या पाण्यातील मुक्त क्लोरीनचा प्रश्न घराघरांत पोहोचला. संस्थांच्या टाक्यांसाठी क्लोरीन मोजणारी पट्टी करता येईल का, अशी विचारणा आमच्याकडे आली आहे. भारतीय मानक १०५०० नुसार मुक्त अवशिष्ट क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. मोजायची पातळी कमी आहे आणि जबाबदारी मोठी.

येथे संदर्भाचे गणित वेगळे पडते. क्लोरीन मोजताना विभव न मोजता प्रवाह मोजतात. सोन्याच्या इलेक्ट्रोडला ठरावीक विभव दिला की हायपोक्लोरस आम्ल त्याच्यावर क्षपित होते, आणि प्रवाह केवळ ते किती वेगाने येऊन पोहोचते यावर ठरतो. विभवाच्या एका रुंद पट्ट्यात हा प्रवाह सपाट असतो, त्यामुळे संदर्भ १० मिलिव्होल्ट सरकला तरी वाचन जवळजवळ हलत नाही. अमोनियमच्या पट्टीत तेवढ्यानेच आकडा दीडपट किंवा दोन तृतीयांश होतो.

मात्र हायपोक्लोरस आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे आम्ल विघटित होते तो आकडा) सुमारे ७.५ आहे, म्हणून पीएच ७.५ ला निम्माच क्लोरीन या रूपात असतो आणि पीएच ८ ला सुमारे एक चतुर्थांश. पीएच मोजल्याशिवाय क्लोरीनचा आकडा सांगता येत नाही आणि पीएचला पुन्हा स्थिर संदर्भ लागतो. पीएच ७.५ च्या आसपास संदर्भातील ६ मिलिव्होल्ट म्हणजे पीएचमधील ०.१, आणि त्यातून क्लोरीनच्या आकड्यात सुमारे दहा-अकरा टक्क्यांची चूक येते. ती चालण्यासारखी आहे. १७ मिलिव्होल्टची नाही.

म्हणून नागमोडी वाहिनीचा तोच ठोकळा क्लोरीनच्या पट्टीवरही बसवायचे ठरवले. येथे पोटॅशियमची अडचण नसल्यामुळे लिथियम ॲसिटेटची बाहेरची पोकळी लागणार नाही आणि एकाच पोकळीत पोटॅशियम क्लोराइडचे जेल पुरेल. ठोकळ्यांची पुढची तुकडी भोसरीत कोरायला दिली आहे. ती आल्यावर पट्टी एका संस्थेच्या जमिनीखालच्या टाकीत लावायची आणि डीपीडी चाचणीशी (रंगावरून क्लोरीन मोजणारी चाचणी) रोज सकाळ-संध्याकाळ ताडून पाहायची. टँकर रिकामा होतो त्या वेळचा नमुना वेगळा घ्यायचा, कारण क्लोरीन सर्वांत जास्त घसरतो तो तेव्हाच.